मुको चॅनल

आंबेखोल बंदरावरच्या टेकडीवर सरकारी श्रवण केंद्र आहे. गावात त्याला सगळे ‘कान’ म्हणतात, आणि मी त्या कानात नोकरी करते. भिंतीला कान असतात हे माहीत असलेल्या गावात टेकडीलाच कान फुटल्यावर लोकांनी काय करावं? माझ्यासमोर बोलणं कमी केलं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पंगतीत सासऱ्यांनी, म्हणजे बाबली तांडेलांनी, ताटातून मान वर न करता विचारलं होतं, “हयसर बोललेला थयसर आयकाक जाता काय गो?” सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसू यायचं.

कानाचं काम फार बारीक ऐकण्याचं. मागे एका वादळात किनाऱ्यावरची बरीच माणसं गेली, त्यानंतर प्रत्येक खलाशाच्या जॅकेटच्या खांद्यावर एक यंत्र शिवून देण्याचा नियम झाला. गुंडीएवढं यंत्र, त्याला लोक मुंगी म्हणतात. मुंगीला बॅटरी नाही. तिच्या पोटात दोन धातूंच्या पट्ट्या आहेत. खारं पाणी आत शिरलं की त्यांच्यात थोडीशी वीज तयार होते आणि मुंगी जागी होते. एवढ्याशा विजेवर ओरडणं शक्य नाही, म्हणून ती पुटपुटते. तेच ते पुटपुटणं, त्याच लयीत, पुन्हा पुन्हा.

हे पुटपुटणं आकाशातल्या खरखरीपेक्षाही हलकं असतं. मग ऐकायचं कसं? युक्ती सोपी आहे. खरखर कधी वर जाते, कधी खाली, तिला काही धरबंध नाही. मुंगीची लय मात्र ठरलेली. कानाचं यंत्र आलेल्या आवाजाचे तेवढ्याच लांबीचे तुकडे करतं आणि एकावर एक रचत जातं. खरखर स्वतःलाच खोडून टाकते, मुंगी मात्र थरावर थर चढत वर येते. पाच-दहा मिनिटांत ती दिसू लागते आणि कुठे आहे तेही कळतं. मग आमची बिनमाणसांची बोट तिथे जाते. अट एकच. त्या लहरीवर तेवढा वेळ दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. डोळ्यांवर बॅटरी मारली की चांदणी दिसत नाही, तसं आहे ते.

आता वॉकीचं सांगते. प्रत्येक बोटीवर परवान्याचा रेडिओ असतो. त्यावर बोललं की बोलणाऱ्याची जागा आपोआप सगळ्यांच्या पडद्यावर उमटते. मासळी कुठे लागली हे साऱ्या दर्याला सांगणारं यंत्र बोट हाकणारा कुठला तांडेल चालू ठेवेल? बंदर सुटलं की तो रेडिओ ‘बिघडतो’ आणि कमरेचा वॉकी बाहेर येतो. परदेशी बनावटीचा, तळहाताएवढा, कुणाच्या तरी दुबईच्या सामानातून टॉवेलात गुंडाळून आलेला. त्याला परवाना नाही की पावती नाही. आपल्याकडचे सेट ठरलेल्या लहरींबाहेर जात नाहीत, याला ते कुलूपच नाही. तो सगळे चॅनल आपोआप चाळत राहतो आणि आवाज सापडला की तिथे थांबतो. आमच्या तांडेलांनी सगळा पट्टा धुंडाळून एक झकास जागा शोधली. तिथे पोलीस नाहीत, जहाजं नाहीत, कुणी चकार शब्द काढत नाही. नाव पडलं मुको चॅनल.

तो मुका का, हे एकानेही विचारलं नाही. तो मुका होता, कारण ती जागा मुंगीसाठी राखलेली होती.

मी घरी सांगितलं नाही असं नाही. भात वाढताना सांगितलं, समजावून सांगितलं, पाण्याच्या तांब्यात मिठाची चिमूट टाकून सांगितलं. सासरे म्हणाले, “आमी काय थय कीर्तन करतंव? दोन शब्द बोलतंव नि गप बसतंव.” दोन शब्द प्रत्येकाचे, आणि बोटी तीस-चाळीस. माझा नवरा दुर्गेश त्यांच्याच ट्रॉलरवर असतो. तो हळूच म्हणाला, “समिधा, माका कित्याक सांगतंस? मी जॅकेट घालतंय ना?” घालायचा खरा. बाकीचे उकडतं म्हणून जॅकेटावर बसायचे. दुर्गेश घालायचा, कारण मी शपथ घातली होती.

आणि वर टेकडीवर कामत साहेब. आमचे केंद्रप्रमुख, शांत, सज्जन, पण नियमाला पक्के. प्रत्येक सेट बटण दाबताच क्षणभर अडखळतो आणि मग लहर पकडतो. ते अडखळणं दर सेटचं वेगळं असतं, जसा माणसाचा खोकला. त्यामुळे यंत्र सेट ओळखतं, त्याला क्रमांक देतं आणि विचारतं, ‘हा कुणाचा?’ ते मात्र माणसालाच सांगावं लागतं. नाव पडलं की त्या बोटीचा मासेमारीचा परवाना थांबतो.

“तुम्ही इथल्याच ना?” कामत साहेब विचारायचे. “हा चौदा नंबरचा आवाज ओळखीचा वाटतो का?”

चौदा नंबर म्हणजे माझे सासरे. काल रात्री ज्यांनी माझ्या हातची सोलकढी दोनदा मागून घेतली, ते.

“वाऱ्यात कळत नाही, सर,” मी म्हणायचे.

नाव सांगितलं तर घर बंद, नाही सांगितलं तर कान बंद. मी रोज सकाळी टेकडी चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे, आणि दोन्हीकडे तोंड मिटून बसायचे. चिमट्यात सापडलेल्या कुर्लीला निदान स्वतःच्या नांग्या असतात.

पुढचं कळायला आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. कुणी दर्यात पडला की ‘हाक धरतात’. आसपासच्या बोटी आणि धक्क्यावरच्या बाया त्याचं नाव घेऊन आळीपाळीने ओरडत राहतात. एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याने नाव उचलायचं. हाक तुटली की माणूस तुटला, असं म्हणतात. ही हाक थांबवायचा अधिकार फक्त त्याच्या आईला किंवा बायकोला. तिने ‘पुरे’ म्हटलं की माणूस दर्याला दिला. मग बोटी बंदराला लागेपर्यंत पाण्यावर कुणी शब्द बोलत नाही, आणि ते नाव पुन्हा कधी हाक म्हणून घेतलं जात नाही.

माझ्या सासूला, शालनला, हे फार जवळून माहीत. ती परकरात होती तेव्हा तिचा बाप दर्यात गेला आणि तिच्या आवशीने, म्हणजे आईने, अंधार पडायच्या आत पुरे म्हटलं. शालन त्या आवशीशी शेवटपर्यंत धड बोलली नाही.

मे महिन्याच्या अखेरीला, मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या तोंडावर, दुपारी अचानक वारा फिरला. मी कामावर होते. मुको चॅनलची रेघ पडद्यावर उसळली आणि चौदा नंबरचा आवाज आला. तो ओळखायला मला यंत्र लागलं नाही.

“दुर्गेश गेलो! दोरयेत पाय अडाकलो, पाण्यात गेलो! हाक धरा रे! हाक धरा!”

आणि हाक लागली. “दुर्गेशाऽऽ!” एका बोटीवरून, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. धक्क्यावरून बायांचे आवाज मिसळले. सगळा गाव माझ्या नवऱ्याला बोलावत होता, त्याच्यावर जीव टाकत होता, आणि पडद्यावर एक जाड पांढरा पट्टा झाला होता. त्याच्या तळाशी कुठेतरी त्याची मुंगी पुटपुटत असणार. मला ती ऐकू येणार नव्हती.

कामत साहेब माईकवर धावले. “सर्व नौकांनी हा चॅनल त्वरित मोकळा करावा. हा आदेश आहे.” परवान्याचे रेडिओ बंदच होते, म्हणून त्यांनी तेच मुको चॅनलवर सांगितलं. बोटींवरून शिव्या आल्या आणि हाक दुप्पट झाली. सरकार हाक तोडू बघतंय, एवढंच त्यांना कळलं.

“हे आवाज वजा नाही करता येणार?” मी विचारलं.

“इतके जोरात? नाही.” ते माझ्याकडे वळले. त्यांना आत्ता कळलं. “समिधा, हा दुर्गेश म्हणजे...”

“माझा नवरा. आणि चौदा नंबर माझे सासरे. तुमच्या स्कूटरची चावी द्या.”

धक्क्यावर वारा उभं राहू देत नव्हता. बायांच्या घोळक्यात सासू पाण्याच्या अगदी कडेला, घरातला दुसरा वॉकी तोंडाशी धरून ओरडत होती. गळा बसला होता. मी तिचा हात धरला.

“आये, हाक थांबवा. थोडा वेळ. मुंगी ऐकू येत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, पण हाक सोडली नाही. दुसऱ्या बाईने नाव उचललं तेव्हा म्हणाली, “त्या मुंगयेचा आयकतलंस नि माझा आयकूचंस नाय?”

“आये, तुमच्या आवाजाखाली तो बुडतोय!”

बोलले आणि जीभ चावली. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“मी आवस त्येची. माझ्या आवशीन केला ता मी करूचंय नाय.” तिने वॉकी माझ्या छातीवर आदळला. “तुझो घोव तो. तुझ्यान होता तर तू म्हण.”

वॉकी हातात आला आणि मला माझी अडचण पूर्ण दिसली. खरं सांगितलं असतं की बाबांनो, दहा मिनिटं गप्प बसा, मशीन ऐकतंय, तर काय झालं असतं? आमचे तांडेल मला पाठ आहेत. एक म्हणाला असता कसली मशीन, दुसरा म्हणाला असता पोरीचं ऐका, तिसऱ्याने दोघांना गप्प बसायला सांगितलं असतं, आणि अंधार पडेपर्यंत त्या चॅनलवर गप्प बसण्याबद्दल चर्चा चालली असती. आमच्या गावाला शांत करणारी एकच गोष्ट आहे, आणि ती अर्धी बोलता येत नाही.

रीत अशी की गाव, घर, नातं, सगळं सांगून बोलायचं. मी बटण दाबलं.

“मी समिधा. आंबेखोलच्या बाबली तांडेलांची सून, दुर्गेशाची बायल. हाक पुरे. दुर्गेश दर्याक दिलो.”

शेवटचा शब्द माझा मलाच ऐकू आला, कारण तोवर चॅनलवर काहीच उरलं नव्हतं. एवढ्या बोटी, एवढे गळे, आणि एकदम सगळं बंद. सासूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

बाया माझ्याकडे आल्या. मी त्यांनाही खरं सांगू शकत नव्हते. निम्म्यांच्या कमरेला वॉकी होते. एकीने माझा उजवा हात धरून धक्क्याच्या दगडावर टेकवला आणि बांगड्या फोडल्या. डावा हात मी पाठीमागे लपवला होता. त्यात फोन होता, आणि चोरून नजर टाकली की त्यावर कामत साहेबांचे शब्द दिसत होते.

‘शांत आहे. रचणं सुरू.’

मग, ‘काहीतरी दिसतंय.’

मग, ‘कुणीतरी बटण दाबलं. पुन्हा पहिल्यापासून.’

मलाही ऐकू आलं होतं ते. शब्द नव्हता, नुसता एक हुंदका. चौदा नंबर. माझ्या सासऱ्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेव्हा मनात एकच आलं, गप्प बसा हो बाबा, पाया पडते, गप्प बसा. माझं कपाळ पुसायला एका म्हातारीने पदर ओला केला. मी पुसू दिलं. समुद्राकडे बघत राहिले आणि तिथे काहीच दिसत नव्हतं. दुर्गेश खरंच गेला असेल तर मी आत्ता करतेय ते नाटक नाही, हे तेव्हा लक्षात आलं आणि मी मोठ्याने रडले. बायांना वाटलं, आता हिला कळलं.

हातातला फोन थरथरला.

‘मुंगी सापडली. बोट निघाली.’

*

दुर्गेश जिवंत आला. थंडीने निळा पडलेला, पाय सुजलेला, पण शुद्धीवर. लोक धक्क्यावर धावले, आणि जवळ येऊन थबकले. हाक पुरी झालेला माणूस परत आल्याचं कुणाच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. त्याला काय म्हणायचं आणि मला काय म्हणायचं, याला रीत नव्हती. सासऱ्यांनी त्याला मिठी मारली, पण नाव घेतलं नाही. सासूने त्याला गरम पाणी दिलं, पेज भरवली, मलम लावलं. नाव तिनेही घेतलं नाही. मला मात्र पेजही आली नाही की शब्दही आला नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले तर पडद्यावर चौकट वाट बघत होती. बाबली तांडेलांच्या घरचं नाव-गाव मीच खणखणीत आवाजात सांगितलं होतं, त्यामुळे यंत्राने या वेळी नाव स्वतःच भरलं होतं. खाली एकच प्रश्न होता, ‘बरोबर?’ कामत साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी दाबू का?”

“नको. माझं घर आहे,” म्हटलं आणि मीच दाबलं.

आमचा ट्रॉलर दिवाळीपर्यंत बांधला गेला. दोन्ही वॉकी जप्त होऊन केंद्राच्या कपाटात आले. वरून मला कौतुकाचं पत्र आलं आणि सासऱ्यांना दंडाचं, दोन्ही एकाच टपालात. मुको चॅनल मात्र खराच मुका झाला. जिथे हाक पुरी झाली तिथे कोण बोलणार? कायद्याने जे झालं नव्हतं ते सुतकाने झालं. तांडेलांनी दुसरा चॅनल शोधला असणार. तो माझ्या कानात येत नाही, आणि मी शोधायला गेले नाही.

बंदीचे महिने तसेच गेले. दुर्गेश बरा झाला आणि दुसऱ्या बोटीवर काम मागायला लागला. सगळे त्याच्याशी नीट बोलायचे, “अरे”, “ओ भाव”, “तू”. नाव नाही. काम नाही. एका तांडेलाने शेवटी तोंड उघडलं. “बाबा रे, तू परत पाण्यात पडलंस तर आमी हाक कसली धरूची?” ज्याला हाक मारता येत नाही त्याला दर्यावर कोण नेईल?

त्या रात्री तो माजघरात मला म्हणाला, “तू माका वाचवलंस. पण तू माका थयच ठेवून इलंस गो.” राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. मी त्याला नावाने हाक मारायचे, रोज, मुद्दाम. पण माझी हाक कशाला मोजायची? पुरी तर मीच केली होती.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव खाली धक्क्यावर होता. नारळ पडल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही, त्यामुळे दर्या रिकामा. कामत साहेब सुट्टीवर होते, मी एकटी ड्यूटीवर. दारात चाहूल लागली म्हणून बघते तर सासू. टेकडी चढून आली होती, धाप लागलेली, नवं लुगडं नेसलेली. त्या दुपारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

“आज दर्यात कोण आसा?”

“कोणी नाही, आये. नारळ पडला नाही अजून.”

“मगे मुंगी पण नाय.”

“नाही.”

तिने पडद्याकडे पाहिलं. मुको चॅनलची रेघ सपाट होती. “हीच काय ती जागा?”

“हीच.”

“हाक थय पुरी केलंस. तर थयच परत धरूक होयी. घरात बसान धरून कोणाक आयकाक जातली?” तिने हात पुढे केला. “माझो सेट दी.”

तो कपाटात होता. तपासणीसाठी चार्ज करून ठेवावा लागतो, त्यामुळे चालूही होता. किल्ली माझ्याच कमरेला. जप्तीचा माल, राखीव लहर आणि कामावरची मी. काय होईल ते मला नीट माहीत होतं. मी कपाट उघडलं.

सासूने वॉकी दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीशी गेली. खाली धक्का दिसत होता, माणसं मुंग्यांएवढी.

“मी शालन. आंबेखोलच्या बाबली तांडेलाची बायल, दुर्गेशाची आवस.” तिने बटण आणखी घट्ट दाबलं. “माझ्या सुनेन हाक पुरी केली ती माझ्या झिलाक वाचवक. माका ता तेवा समाजला नाय. मी हाक परत धरतंय. दुर्गेशाऽऽ!”

खाली माणसांच्या कमरेचे सेट चॅनल चाळता चाळता थांबले असणार, कारण सगळा धक्का एकदम स्तब्ध झाला. रेघ पुन्हा सपाट झाली. सासूने माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती.

मग बसक्या, जाड आवाजात सासरे आले. कुणाचा तरी सेट मागून घेतला असणार. “दुर्गेशाऽऽ!” पाठोपाठ तो तांडेल, ज्याने काम नाकारलं होतं. मग आणखी एक, मग बाया, मग कुणाचं काही वेगळं कळेनासं झालं. पडद्यावर तोच जाड पांढरा पट्टा उभा राहिला, त्या दुपारी मला मारून टाकणारा, आणि मी त्याच्याकडे बघत हसत होते नि रडत होते.

मध्येच एक आवाज सगळ्यांच्या वर चढला.

“ओऽऽ! आयकतंय! हयच आसंय मी!”

सासू तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने उठली, वॉकी माझ्या हातात दिला, माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघून म्हणाली, “सांजचा कासाराकडे जाव,” आणि उतरणीला लागली.

पडद्यावर चौकट आली होती. ‘आवाज कुणाचा?’ चौकटीत काही न भरता मी फोन उचलला.

“कामत साहेब, मुको चॅनलवर आज बोलणं झालं. सेट आपल्या कपाटातला होता, तो मी दिला. आवाज माझ्या सासूचा आहे.”

त्यांनी विचारलं, “काय बोलल्या?”

“मुलाला हाक मारली,” मी म्हटलं.